यार्देनेचे उतार आणि खेळाची मैदाने

जुन्या करारातील शास्त्यांच्या ग्रंथात, बाराव्या अध्यायात, एक प्रसंग आहे. रविवारच्या वाचनांत तो येत नाही. त्यामुळे आमच्या पुष्कळ भाविकांच्या कानांवर तो कधी पडलेलाच नसतो. गिलादचे लोक आणि एफ्राइमचे लोक यांच्यात युद्ध झाले. दोघेही इस्राएलचेच, रक्ताने भाऊबंद. एफ्राइमी हरले आणि जीव वाचवून परत निघाले, तेव्हा गिलादींनी यार्देन नदीचे उतार आधीच रोखून धरले होते. पलीकडे जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ते विचारीत, ‘तू एफ्राइमी आहेस काय?’ तो अर्थातच नाही म्हणे. मग त्याला ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राइमी माणसाच्या जिभेला ‘श’ वळत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि तेथेच त्याचा वध होई. त्या दिवसांत बेचाळीस हजार माणसे पडली, असे ग्रंथकार नोंदवितो. शब्दाचा अर्थ काय, तर धान्याचे कणीस. अर्थाशी कोणाला कर्तव्य नव्हते; उच्चाराशी होते.

अमेरिकेतील निवडणुकांचा अलीकडचा इतिहास वाचीत असताना हा अध्याय आम्हांला पुन्हा पुन्हा आठवत राहिला, आणि त्याला कारण झाला एक फुटबॉलचा संघ.

विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे शहर आहे. वस्ती सुमारे एक लाखाची, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. परंतु 1919 साली तेथे स्थापन झालेला ‘पॅकर्स’ हा संघ अमेरिकी फुटबॉलच्या सर्वोच्च साखळीत खेळतो, आणि त्याचा मालक कोणी धनाढ्य उद्योगपती नाही. संघाचे भाग सामान्य नागरिकांनी घेतलेले आहेत. त्यांवर लाभांश मिळत नाही, तरीही लोक ते घरात चौकटीत लावून ठेवतात. संघाचा एक संस्थापक आणि पहिला प्रशिक्षक कर्ली लॅम्बो. 1965 साली तो वारला आणि त्याच वर्षी मैदानाला त्याचे नाव देण्यात आले: लॅम्बो फील्ड. त्या राज्यात हे नाव तीर्थक्षेत्राच्या नावासारखे घेतात.

2004 साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी तेथे प्रचाराला गेले आणि मैदानाचा उल्लेख ‘लॅम्बर्ट फील्ड’ असा करून बसले. झाले! प्रतिपक्षाने तो शब्द उचलला. खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश आणि उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांनी भरसभांतून त्याची टर उडविली. केरी हे मॅसॅच्युसेट्सचे, उच्चभ्रू घराण्यातले. त्यांना सामान्य माणसाचा खेळ ठाऊक नाही, हा आरोप सिद्ध करावयास एवढा एक उच्चार पुरेसा ठरला. त्याच वर्षी आपल्या स्वतःच्या बॉस्टन शहरातल्या ‘रेड सॉक्स’ या बेसबॉल संघाविषयी बोलताना मॅनी रामिरेझ आणि डेव्हिड ऑर्टिझ या दोन खेळाडूंच्या नावांची गल्लत करून ‘मॅनी ऑर्टेझ’ असा एक तिसराच खेळाडू त्यांनी निर्माण केला होता. पक्षाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, 25 जुलै रोजी, ते फेनवे पार्कवर पहिला चेंडू टाकावयास उभे राहिले, तर तो चेंडूही वाटेतच टप्पा खाऊन गेला.

येथे एक गोष्ट कॅथलिक वाचकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. केरी हे आपल्याच पंथाचे. गर्भपातविषयक भूमिकेमुळे त्यांना पवित्र कम्युनियन द्यावे की देऊ नये, असा वाद त्याच वर्षी अमेरिकेतील बिशपांमध्ये माजला होता. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. एकाच माणसाची एकाच वर्षी वेदीपुढे आणि मैदानावर अशा दोन ठिकाणी ‘तू आमचा काय?’ अशी झडती झाली, आणि वृत्तपत्रांतून दोन्ही प्रश्न जवळजवळ शेजारी शेजारी छापले जात होते, एवढेच नोंदवितो.

तथापि इतिहासाचा विनोद असा, की विस्कॉन्सिनमध्ये केरी हरले नाहीत. सुमारे अकरा हजार मतांनी का होईना, ते राज्य त्यांनी जिंकले. आणि 1918 पासून विजेतेपदासाठी तळमळणारा त्यांचा रेड सॉक्स संघ नेमका त्याच वर्षी, 27 ऑक्टोबरला, जगज्जेता झाला. मतदान झाले 2 नोव्हेंबरला. संघ जिंकला, उमेदवार देशात हरला.

असाच योग बारा वर्षांनी श्रीमती हिलरी क्लिंटन यांच्या वाट्याला आला. त्या शिकागोच्या परिसरात वाढल्या आणि ‘कब्ज’ या तेथल्या संघाच्या चाहत्या म्हणून ओळखल्या जात. 1994 साली त्या संघाच्या मैदानावर पहिला चेंडू टाकण्याचा मानही त्यांनी घेतला होता. परंतु पुढे न्यूयॉर्क राज्यातून सिनेटची निवडणूक लढविण्याचे घाटू लागले, आणि जून 1999 मध्ये विजेता ‘यँकीज’ संघ सत्कारासाठी व्हाइट हाउसमध्ये आला असता त्यांनी त्या संघाची टोपी डोक्यावर चढविली. बेसबॉलमध्ये दोन स्वतंत्र साखळ्या आहेत. एका साखळीत कब्ज आपला, तर दुसरीतही एक आपला संघ हवा म्हणून यँकीज, असा त्यांनी खुलासा केला. तो अगदीच निराधार नव्हता. पण न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांना टोपीखालचा हेतू तेवढा दिसला. 2000 साली त्या निवडून आल्या, ही गोष्ट वेगळी. पुढे 2016 साली त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असताना त्यांच्या बालपणीच्या कब्ज संघाने तब्बल 108 वर्षांनी विजेतेपद मिळविले, 2 नोव्हेंबरला. सहा दिवसांनी मतदान झाले, आणि त्या हरल्या.

न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांची गोष्ट याच्या उलट्या दिशेने जाते. ब्रुकलिनमध्ये जन्मलेले, कॅथलिक शाळा-महाविद्यालयांत शिकलेले, एके काळी धर्मगुरू होण्याचा विचार केलेले हे गृहस्थ यँकीजचे कडवे भक्त. 2007 च्या ऑक्टोबरात ते बॉस्टनमध्ये गेले आणि यंदाच्या अंतिम मालिकेत आपण रेड सॉक्सच्या बाजूने आहोत, असे बोलून गेले. रेड सॉक्स म्हणजे यँकीजचा हाडवैरी. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी त्यांना सरळ देशद्रोह्याच्या पंक्तीत बसविले. शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यात पक्षांतर्गत मतदान जवळ आले होते आणि तेथे घरोघर रेड सॉक्सचे चाहते, हे कोणाच्याही नजरेतून सुटले नाही. त्या मतदानात जुलियानी चौथे आले.

मात्र ज्याची खरोखर जबर किंमत मोजावी लागली असे उदाहरण मॅसॅच्युसेट्सचे आहे. 1962 पासून ऑगस्ट 2009 मधील मृत्यूपर्यंत ज्या जागेवर एडवर्ड केनेडी निवडून येत राहिले, त्या सिनेटच्या जागेसाठी जानेवारी 2010 मध्ये पोटनिवडणूक झाली. मार्था कोकली या उमेदवार. ऐन थंडीत फेनवे पार्कबाहेर उभे राहून हस्तांदोलने करण्याची कल्पनाच त्यांनी एका मुलाखतीत उडवून लावली होती. त्यानंतर मतदानाच्या चारच दिवस आधी, नभोवाणीवर बोलताना, प्रतिस्पर्ध्याचा पाठीराखा असलेल्या कर्ट शिलिंगला त्यांनी यँकीजचा चाहता ठरविले. हा शिलिंग कोण? 2004 साली यँकीजविरुद्ध दुखावलेल्या घोट्यानिशी, मोज्यावर रक्त दिसत असताना, रेड सॉक्ससाठी गोलंदाजी केलेला वीर! मुलाखतकाराने सावरण्याची संधी दिली, तरी चूक बाईंच्या लक्षात आली नाही. 19 जानेवारीला त्या हरल्या, आणि त्यांच्या पक्षाचे सिनेटमधील साठावे मत गेले. पराभवाची इतर कारणे पुष्कळ होती. आजारपणाच्या विम्याचे विधेयक होते, बेकारी होती. तरी बॉस्टनच्या माणसाला विचारा, तो शिलिंगचेच नाव सांगेल.

निष्ठा न बदलणाऱ्यांचीही गत फारशी वेगळी होत नाही. बराक ओबामा हे शिकागोच्या ‘व्हाइट सॉक्स’चे. एप्रिल 2010 मध्ये राजधानीत पहिला चेंडू टाकताना त्यांनी अंगात यजमान संघाचे जाकीट घातले, पण डोक्यावर टोपी मात्र आपल्याच संघाची ठेवली. काहींनी हुर्यो केली, काहींनी टाळ्या वाजविल्या. त्याच दिवशी समालोचकांनी त्यांना लहानपणचे आवडते खेळाडू विचारले. त्यांना एकही नाव सांगता आले नाही, आणि संघाच्या जुन्या ‘कॉमिस्की पार्क’ या मैदानाचे नावही धड उच्चारता आले नाही. त्यांचे बालपण हवाईत गेले होते. निष्ठा खरी होती, पण प्रौढपणी घेतलेली. श-कार काही जिभेवर बसला नव्हता.

हा सारा प्रकार वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांच्या युगाची देणगी आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांला सेमिनरीत चर्चच्या इतिहासाबरोबर जे बायझन्टाइन साम्राज्य शिकविले गेले, ते मात्र वेगळी साक्ष देते. कॉन्स्टन्टिनोपलच्या हिप्पोड्रोममध्ये रथांच्या शर्यती चालत. निळे, हिरवे, तांबडे आणि पांढरे असे चार पक्ष. त्यांपैकी निळे आणि हिरवे हेच प्रबळ. सम्राटाला मते मागावी लागत नसत हे खरे. परंतु नव्या सम्राटाला त्या मैदानात प्रजेपुढे उभे राहून तिचा जयघोष मिळवावा लागे, आणि तो घोष देणारे कंठ निळ्या-हिरव्यांचे असत. जस्टिनियन उघडपणे निळ्यांचा. त्याच्या राणीची, थिओडोराची, निष्ठा तर उपकारातून जन्मली होती. तिचा बाप हिरव्यांच्या अस्वलांचा रखवालदार. तो वारल्यावर आईने तीन लहान मुलींच्या डोक्यांवर फुलांच्या माळा घालून त्यांना भर मैदानात याचनेसाठी उभे केले. हिरव्यांनी तोंड फिरविले. निळ्यांनी आसरा दिला. प्रोकोपियसने हे लिहून ठेवले आहे. तो राणीचा मित्र नव्हता. म्हणून तर ही हकिकत विश्वसनीय वाटते.

532 सालच्या जानेवारीत दंगलीच्या आरोपावरून काही जणांना फाशी देण्यात येत होते. फासाचा सांगाडा मोडला आणि दोघे वाचले. एक निळा, एक हिरवा. मठवासींनी त्यांना संत लॉरेन्सच्या मंदिरात आश्रय दिला. दोघांच्या जीवदानासाठी, कधी नव्हे ते, दोन्ही रंग एक झाले, आणि ‘निका’, म्हणजे ‘जिंका’, ही शर्यतीतली आरोळी राजवाड्यावर चालून गेली. शहर जळाले. हागिया सोफिया, पवित्र ज्ञानाचे मंदिर, भस्मसात झाले. सम्राट हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ घेऊन मैदानात आला आणि त्यावर हात ठेवून क्षमेची शपथ वाहू लागला; लोकांनी त्याला हुसकावून लावले. मग नार्सेस या खोजाने निळ्यांच्या पुढाऱ्यांत सोने वाटले, त्यांना त्यांच्या आणि सम्राटाच्या जुन्या नात्याची आठवण दिली, आणि निळे मैदानातून निघून गेले. उरलेल्यांवर बेलिसारियस आणि मुंडस यांचे सैनिक सुटले. तीस हजारांवर माणसे त्या एका मैदानात मेली. पाच वर्षांनी, 27 डिसेंबर 537 रोजी, नव्या हागिया सोफियाचे अभ्यंगन झाले. आज जगातले प्रवासी ज्या घुमटाकडे मान वर करून पाहतात, तो खेळातल्या भांडणाच्या राखेवर उभा आहे. धर्मगुरूंनी हे विसरू नये असे आम्हांला वाटते. आमच्याही इमारती कधी कधी अशाच कारणांनी बांधाव्या लागतात.

जस्टिनियनने एका रंगाला जवळ केले. इटलीच्या सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी एक पाऊल पुढे टाकले. 1986 साली मिलान हा फुटबॉल संघ विकत घेतलेल्या या उद्योगपतीने 1994 च्या जानेवारीत पक्ष काढला, त्याला प्रेक्षकांच्या आरोळीचेच नाव दिले, ‘फोर्झा इटालिया’, आणि राजकारणात येण्याला ‘मैदानात उतरणे’ म्हटले. 18 मे 1994 रोजी सिनेटने त्यांच्या सरकारवर थोडक्या मतांनी विश्वास व्यक्त केला आणि त्याच दिवशी अथेन्समध्ये मिलानने बार्सेलोनावर चार गोलांनी मात करून युरोपचा चषक जिंकला. कोणता जल्लोष कशासाठी, हे सांगणे त्या रात्री कठीण झाले असेल.

आपल्याकडे हा व्यवहार साधा असतो. एका निवडणुकीपूर्वी आमच्या धर्मग्रामात क्रिकेटचा अंतिम सामना होता. एक उमेदवार बक्षीस द्यायला आले. पाहतो तो दोन्ही संघांच्या सदऱ्यांवर त्यांचेच नाव छापलेले! दोघांचेही कपडे त्यांनीच पुरविले होते. कोणीही हरले तरी साहेबच जिंकणार, असे शेजारी बसलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, आणि आम्हांला हसू आवरेना.

अशा माणसाला ढोंगी म्हणावे काय? झटकन ‘हो’ म्हणवत नाही, कारण संत पौल आडवा येतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो सांगतो, की आपण यहुद्यांसाठी यहुद्यांसारखे झालो, नियमशास्त्राबाहेरच्यांसाठी त्यांच्यासारखे, दुर्बळांसाठी दुर्बळ. आणि गंमत पाहा, याच अध्यायात दोन-तीन ओळींनंतर तो शर्यतीच्या मैदानात धावणाऱ्यांची उपमा देतो. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत. तो श्रोत्यांच्या ओळखीच्या खेळाची भाषा बोलत होता. आम्ही धर्मगुरूदेखील नव्या धर्मग्रामात बदली झाली की तेथली बोली, तेथला सण, तेथला संघ उचलतोच. फरक पडतो तो आपण काय मागावयास गेलो आहोत, यामुळे. पौलाने त्या बदल्यात मजुरीही घेतली नाही. त्याच अध्यायात तो ते ठणकावून सांगतो.

शिवाय आरोप करणारेही दर वेळी खरे असतात असे नाही. टोनी ब्लेअर यांनी आपण लहानपणी न्यूकॅसलच्या जॅकी मिलबर्नचा खेळ पाहिल्याची थाप मारली, ही कथा ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे सांगितली गेली. मिलबर्नने तो संघ 1957 साली सोडला, तेव्हा ब्लेअर चार वर्षांचे होते. पकडले लबाडाला, असे सर्वांना वाटले. नंतर कोणी तरी 1997 च्या मूळ मुलाखतीचे ध्वनिमुद्रण काढून ऐकले. मिलबर्नच्या नंतरच्या काळात आपण त्या संघाचे चाहते झालो, एवढेच ते त्यात बोलले होते.

येथपर्यंत हा विषय हसण्यावारी नेता येतो, कारण येथे परीक्षेला बसतो तो सत्ता मागणारा, आणि परीक्षक असते प्रजा. यार्देनेच्या उतारावर मात्र शस्त्र परीक्षकाच्या हाती होते. एप्रिल 1990 मध्ये ब्रिटनचे माजी मंत्री नॉर्मन टेबिट यांनी एका अमेरिकी वृत्तपत्राला मुलाखत देताना क्रिकेटची एक कसोटी सुचविली. ब्रिटनमध्ये येऊन राहिलेले आशियाई लोक सामन्यात कोणत्या देशासाठी टाळ्या वाजवितात, ते पाहावे. त्यांच्यातले पुष्कळ जण या कसोटीस उतरत नाहीत. भूमिका उलटल्या. आता पुढारी विचारणारा झाला आणि दुकान चालविणारा, बस हाकणारा, रुग्णालयात राबणारा माणूस उत्तर देणारा. केरींचे चुकले तर ते एखादी निवडणूक हरतात. या माणसाचे चुकले, तर तो ज्या मातीत राबतो तिला परका ठरतो. आणि हृदयाची झडती घेणाऱ्याला घरही लागत नाही, आरोपपत्रही लागत नाही. प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्राला असेच धरले होते: तुझ्या बोलीवरूनच कळते.

नऊ वर्षांनी, 1999 साली, मद्रासमध्ये जन्मलेला नासिर हुसेन इंग्लंडचा कर्णधार झाला. आणि 2015 च्या एप्रिलमध्ये, निवडणुकीच्या ऐन प्रचारात, पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी टेबिटना जणू उत्तर देणारे भाषण केले. या देशात एकाच वेळी मँचेस्टर युनायटेडचा, वेस्ट इंडीजचा आणि ब्रिटनचा चाहता असता येते, असा त्याचा आशय. उत्तम विचार. पुढे ते म्हणाले, की अर्थात आपण वेस्ट हॅमचे चाहते व्हावे असे मला वाटते. सारी सभा चमकली. कारण कॅमेरॉन आजवर स्वतःला ॲस्टन व्हिलाचे भक्त म्हणवीत, त्यांच्या मावशीचे यजमान त्या क्लबाचे अध्यक्ष राहिलेले. दोन्ही संघांच्या पोशाखाचे रंग मात्र सारखेच! क्षणभर डोके चालेनासे झाले, असा खुलासा त्यांनी केला. मे महिन्यात ते बहुमताने निवडून आले. त्यांच्याऐवजी एखादा परदेशी वंशाचा मतदार आपला संघ असा विसरला असता, तर तो इतक्या सहज सुटला असता काय, हा प्रश्न आम्हांला पडतो.

कारण आमच्याच मुंबईत, काही दशके, संघ आणि धर्म एकच होते. 1892 पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने, 1907 पासून हिंदूंसह तिरंगी, 1912 पासून मुसलमानांसह चौरंगी. ख्रिस्ती माणसाने कोणासाठी टाळ्या वाजवावयाच्या? 1937 साली पाचवा संघ आला, त्याचे नाव ‘द रेस्ट’: उरलेले. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी, जे कोणत्याच चौकटीत बसत नाहीत ते. त्याच साली प्रांतिक निवडणुकांत काँग्रेसने हिंदू संघाचे जुने, विख्यात गोलंदाज पालवणकर बाळू यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्या संघासाठी बाळूंनी आयुष्य वेचले, त्याने त्यांना जातीमुळे कधी कर्णधार केले नव्हते. मतदारांनी डॉक्टरांना निवडले.

डिसेंबर 1940 मध्ये गांधीजींनी धर्मवार संघांच्या या सामन्यांना विरोध व्यक्त केला. तरी ते 1946 पर्यंत चालू राहिले. त्यांतला 1943-44 चा अंतिम सामना जुन्या माणसांनी पुढे अनेक वर्षे सांगितला. हिंदूंनी 581 धावा केल्या होत्या. ‘उरलेल्यां’च्या दुसऱ्या डावात 387 धावा झाल्या आणि त्यांतल्या 309 एकट्या विजय हजारे यांच्या. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातला हा अबोल माणूस. एका टोकाला त्यांचा भाऊ विवेक चिवटपणे उभा होता. दोघांनी मिळून तीनशे धावा जोडल्या, त्यांत विवेकच्या 21. संघ एका डावाने हरला.

1951 च्या ऑक्टोबरपासून 1952 च्या फेब्रुवारीपर्यंत स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक चालली होती. ती संपावयाच्या आधीच, 10 फेब्रुवारी 1952 रोजी, मद्रासला भारताने इंग्लंडवर एक डाव आणि 8 धावांनी मात करून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. विनू मांकड यांनी सामन्यात बारा बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उमरीगर यांनी शतके काढली, दुसऱ्या डावात गुलाम अहमद यांनी मांकडांना साथ दिली. कर्णधार होते विजय हजारे.